शत्रूचा हिरो, आपली जर्सी

१८ ऑगस्ट २००९, मंगळवार. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात न्यूज चॅनल्सची हेलिकॉप्टर्स एका गाडीच्या मागावर होती. कॅमेरा आकाशातून खाली रोखलेला आणि स्क्रीनवर हायवेवरून निघालेली एक एसयूव्ही. ना चोर-पोलिसांचा पाठलाग, ना प्रेसिडेंटचा ताफा. गाडी आपली शहाण्या मुलासारखी लेन सांभाळत चाललेली. स्टिअरिंगवर होता ब्रॅड चिल्ड्रेस, मिनेसोटा व्हायकिंग्ज या फुटबॉल टीमचा हेड कोच. साहेब स्वतः सेंट पॉलच्या विमानतळावर पाहुण्याला आणायला गेले होते!

पाहुणा म्हणजे ब्रेट फार्व. वय ३९, दाढीचे खुंट पांढरे, बॉल फेकायच्या दंडावर ऑपरेशन होऊन जेमतेम तीन महिने झालेले आणि दोनदा रिटायर होऊन झालेलं. त्या दिवशी त्याने व्हायकिंग्जशी दोन वर्षांचा, अडीच कोटी डॉलर्सचा करार केला. टीमचा नवा नंबर वन क्वार्टरबॅक.

आता यात एवढं काय? पैसे घेऊन लोक टीम बदलतातच की. पण हा माणूस सोळा सीझन ग्रीन बे पॅकर्सचा देव होता. आणि पॅकर्स म्हणजे व्हायकिंग्जचे शेजारी आणि हाडवैरी. दोन शहरांमध्ये साधारण साडेचारशे किलोमीटर, गाडीने साडेचार तास. वर्षातून दोनदा एकमेकांशी खेळायचं आणि उरलेलं वर्ष एकमेकांना शिव्या घालायच्या, असा हा शेजारधर्म. टार्गेटचं हेड ऑफिस असलेलं मिनियापोलिस आपल्या आयटीवाल्यांना अनोळखी नाही. तिथे वैर म्हणजे काय ते ऑफिसच्या पॅन्ट्रीतसुद्धा कळतं. एका टेबलावर जांभळा मग, दुसऱ्यावर हिरवा-पिवळा.

व्हायकिंग्जच्या फॅन्सनी या माणसाचा वर्षानुवर्षं तिरस्कार केला होता. आणि आता त्याच्यासाठीच टाळ्या वाजवायच्या? त्यावरून जी वादावादी सुरू झाली, ती आजही पुरती मिटलेली नाही.

एकच माणूस का?

ज्यांना हा खेळ म्हणजे हेल्मेट घातलेली मारामारी वाटते त्यांच्यासाठी थोडक्यात. अकरा विरुद्ध अकरा, लांबुळका बॉल. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, नाही जमलं तर बॉल दुसऱ्या टीमकडे. जवळजवळ प्रत्येक प्रयत्नात बॉल आधी क्वार्टरबॅकच्या हातात येतो. मग त्याच्याकडे असतात दोन-तीन सेकंद. लांब फेकायचा, शेजारच्या पळणाऱ्याच्या हातात द्यायचा की स्वतःच पळायचं? समोरून सव्वाशे-दीडशे किलोची माणसं अंगावर येत असताना हे ठरवायचं. फेकलेला बॉल विरोधी खेळाडूने हवेतच पकडला तर ते इंटरसेप्शन. म्हणजे डाव गेला, कधी कधी मॅचही गेली.

क्रिकेटमध्ये एक बॅट्समन फ्लॉप गेला तर पुढचा सांभाळून घेतो. इथे क्वार्टरबॅक एकच. तो चांगला असेल तर साधारण टीमही चालते आणि तो वाईट असेल तर सोन्यासारखी टीम मातीत जाते. त्यामुळे या एका जागेवर कोण, यावर अमेरिकेत घराघरात जेवढी भांडणं होतात तेवढी बहुतेक राजकारणावरही होत नसतील.

ग्रीन बेची घरची गोष्ट

ग्रीन बे हे विस्कॉन्सिन राज्यातलं लाखभर वस्तीचं गाव. एनएफएल या अब्जावधी डॉलर्सच्या लीगमधलं सगळ्यात लहान. पण टीमचा मालक कुणी उद्योगपती नाही. १९२३ पासून टीम लोकांच्या शेअर्सवर चालते. शेअर म्हणजे काय, तर डिव्हिडंड शून्य, बाजारात विकायची सोय नाही, नफा नाही. मिळतं एक सर्टिफिकेट. लोक ते फ्रेम करून भिंतीवर लावतात. सीझन तिकिटं १९६० पासून हाउसफुल्ल आहेत, वेटिंग लिस्ट संपता संपत नाही. मूल जन्माला आलं की त्याचं नाव त्या यादीत घालणारे आईबाप तिथे आहेत.

अशा गावात १९९२ साली अटलांटाहून एक उडाणटप्पू पोरगा आला. त्याच सप्टेंबरमध्ये आधीचा क्वार्टरबॅक जखमी झाला, याला संधी मिळाली आणि त्यानंतर पॅकर्ससाठी त्याने एकही मॅच चुकवली नाही. १९९५, १९९६, १९९७ अशी तीन वर्षं तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला (तिसऱ्यांदा बॅरी सँडर्सबरोबर विभागून). जानेवारी १९९७ मध्ये त्याने गावाला २९ वर्षांनी सुपर बोल जिंकून दिला. त्याची स्टाइलच अशी की बघणाऱ्याचा जीव वरखाली. जिथे बॉल फेकायला जागा नाही तिथेच तो फेकणार. जमलं तर भन्नाट, फसलं तर डोक्याला हात. टचडाउनचे विक्रमही तेव्हा त्याच्या नावावर होते आणि इंटरसेप्शनचेही.

जानेवारी २००८ मध्ये उणे १८ अंशांच्या थंडीत, घरच्या लॅम्बो फील्डवर, ओव्हरटाइममध्ये त्याने एक बॉल चुकीचा फेकला. इंटरसेप्शन. सुपर बोलचं दार बंद. मार्चमध्ये प्रेस कॉन्फरन्स घेऊन तो ढसाढसा रडला आणि रिटायर झाला. गावही रडलं. जुलैमध्ये म्हणतो कसा, मला परत यायचंय!

तोपर्यंत पॅकर्सनी २००५ मध्ये निवडून ठेवलेल्या एरन रॉजर्सला जबाबदारी देऊन टाकली होती. तीन वर्षं तो पोरगा बेंचवर बसून होता. मॅनेजमेंट बधली नाही. फार्वचा डोळा मिनेसोटावर आहे हेही सगळ्यांना कळून चुकलं होतं. 'व्हायकिंग्ज आमच्या माणसाशी परस्पर बोलतायत' अशी तक्रार पॅकर्सनी लीगकडे केली, पण ती टिकली नाही. शेवटी ऑगस्टमध्ये त्याची रवानगी झाली न्यूयॉर्क जेट्सकडे. वैऱ्यापासून जेवढं लांब तेवढं बरं. पण एका वर्षाने तो तिथूनही रिटायर झाला, जेट्सनी त्याला करारातून मोकळं केलं आणि मग त्याला हवं तिथे जायला रान मोकळं झालं.

ग्रीन बेमध्ये यावरून सरळ दोन तट पडले. काहींचं म्हणणं, चूक मॅनेजमेंटची. ज्याने गावाला ओळख दिली त्याला असं हाकलतात का? दुसऱ्यांचं म्हणणं, जेट्स ठीक होतं, पण मिनेसोटा म्हणजे उघडउघड सूड. पॅकर्सच्या जनरल मॅनेजरला दाखवून द्यायचं, हा हेतू आपल्या मनात थोडाफार होता असं फार्वने स्वतःच कबूल केलं होतं, त्यामुळे दुसऱ्या तटाचं पारडं जड झालं. नवऱ्याने घटस्फोट घेतला तर एक वेळ समजू शकतो, पण समोरच्याच बिल्डिंगमध्ये दुसरा संसार थाटला तर?

मिनेसोटात खरी मारामारी

तरी ग्रीन बेचं दुःख सरळ होतं. खरी गोची व्हायकिंग्जच्या फॅन्सची झाली. ही टीम चार वेळा सुपर बोलमध्ये पोचली, चारही वेळा हरली. तेही १९७० च्या दशकात. जानेवारी १९९९ मध्ये, त्या सीझनभर एकही किक न चुकलेल्या गॅरी अँडरसनने नेमक्या सेमीफायनलमध्ये एक किक चुकवली आणि टीम घरी. दोन वर्षांनी त्याच टप्प्यावर ४१-० असा मार. त्यामुळे मिनेसोटाचा फॅन आनंदाच्या क्षणीही एक डोळा दाराकडे ठेवून असतो, संकट आलं का बघायला. अशा लोकांपुढे फार्व नावाचा जुगार मांडला गेला.

एका गटाचं गणित साधं होतं. बास झालं, आता कप हवा. २००८ मध्ये एड्रियन पीटरसन १,७६० यार्ड पळाला होता, लीगमध्ये सगळ्यात जास्त. डिफेन्समध्ये जॅरेड अॅलन, पॅट विल्यम्स आणि केविन विल्यम्ससारखे पहाड. तरी प्लेऑफच्या पहिल्याच मॅचमध्ये फिलाडेल्फियाने घरी येऊन हरवलं, कारण बॉल फेकणाराच धड नव्हता. व्हायकिंग्ज फेकणार नाहीत हे माहीत असल्यामुळे समोरची टीम आठ-आठ माणसं पीटरसनला अडवायला उभी करायची. फार्व आला की ती माणसं मागे हटणार. शिवाय व्हायकिंग्जचा ऑफेन्स चालवणारा डॅरेल बेव्हेल पॅकर्समध्ये फार्वचाच कोच होता. म्हणजे ट्रेनिंग नको, नॉलेज ट्रान्स्फर नको. जॉइन झाल्या दिवसापासून बिलेबल!

विरोधकही काही लेचेपेचे नव्हते. त्यांनी जेट्सचा शेवट काढला. ८ विजय आणि ३ पराभव अशा झकास सुरुवातीनंतर शेवटच्या पाचपैकी चार मॅच हरल्या होत्या आणि त्या पाच मॅचमध्ये फार्वचे टचडाउन २ आणि इंटरसेप्शन्स ९. दंडाचा स्नायू फाटलेला. ऑक्टोबरमध्ये चाळिशी. याच्यावर अडीच कोटी?

मग त्याचं वागणं. २८ जुलैला त्याने कोचला फोनवर सांगितलं, नाही येत. टीम मॅन्कॅटोला ट्रेनिंग कॅम्पमध्ये गेली, उन्हात घाम गाळला, कॅम्प संपला आणि हे महाशय हजर. (त्याच वर्षी त्याने टीव्हीच्या दुकानाची एक जाहिरात केली. त्यात त्याला कुठला टीव्ही घ्यायचा तेच ठरवता येत नाही. स्वतःवर हसायची तयारी होती म्हणायची.) या भानगडीत दोन माणसं मात्र भरडली गेली. टारव्हॅरिस जॅक्सन २००६ पासून टीममध्ये होता. सेज रोझेनफेल्सला फेब्रुवारीतच ह्यूस्टनहून याच जागेसाठी आणलं होतं. दोघांपैकी एक खेळणार असं कोच सांगत होता. आपल्यापैकी ज्यांनी वर्षभर प्रोजेक्ट ओढून अप्रेझलला 'नेक्स्ट इयर नक्की' ऐकलंय आणि मग एका मंगळवारी नव्या टीम लीडला हसतमुखाने हॅलो म्हटलंय, त्यांना या दोघांचे चेहरे डोळ्यांसमोर आणायला कष्ट पडू नयेत.

पैशाचा संशय होताच. मालक झिगी विल्फ यांना नवं स्टेडियम हवं होतं, जुन्या मेट्रोडोमचा करार २०११ च्या सीझननंतर संपत होता. गल्ला भरायला आणि राज्य सरकारवर दबाव आणायला एक स्टार हवा होता, असं विरोधक म्हणायचे. असेलही. पण ज्या खेळाडूमुळे मॅच जिंकल्या जातात त्याच्यामुळेच तिकिटंही खपतात, त्यामुळे या मुद्द्यात मला फारसा दम वाटत नाही.

दम होता तो एका वेगळ्याच प्रश्नात. आकडेवारीवाले त्याला भावनिक म्हणून झटकून टाकायचे. समजा याने कप जिंकून दिलाच, तर तो कप कुणाचा? आपला की पॅकर्सने टाकलेल्या म्हाताऱ्याचा? ज्या बापाने पोराला चार नंबर दिसला की ओरडायला शिकवलं, त्याने आता तोच चार नंबर जांभळ्या रंगात विकत आणायचा? आपल्याकडे २०२४ च्या आयपीएलमध्ये वानखेडेवर याचीच उलटी आवृत्ती दिसली. हार्दिक पंड्या गुजरातहून परत आला, रोहितच्या जागी कॅप्टन झाला आणि घरच्याच प्रेक्षकांनी स्वतःच्या कॅप्टनची हुर्यो उडवली. टीम आपलीच होती, जर्सी आपलीच होती, तरी टाळी वाजत नव्हती. फॅन जर्सीवर प्रेम करतो असं म्हणतात. माझ्या मते तो आठवणींवर प्रेम करतो, आणि फार्वबद्दल मिनेसोटाच्या सगळ्या आठवणी मार खाल्ल्याच्या होत्या.

दोन सेकंद

करारानंतर तिसऱ्याच दिवशी सराव सामना झाला. फार्वने चार वेळा बॉल फेकला, एकदाच पोचला, चार यार्ड. विरोधक खूश.

मग आला २७ सप्टेंबर. सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध व्हायकिंग्ज पिछाडीवर, घड्याळात काही सेकंद. फार्व उजवीकडे सरकला, अंगावर येणाऱ्याला चुकवलं आणि ३२ यार्डांवर, मैदानाच्या अगदी मागच्या रेषेपाशी बॉल फेकला. ग्रेग लुइसने तो हवेत झेपावून पकडला आणि पाय आत टेकवले. दोन सेकंद शिल्लक, २७-२४. मिनेसोटातली वादावादी तिथेच संपली म्हणायला हरकत नाही. कुणाला मुद्दा पटला म्हणून नव्हे. सगळे एकाच वेळी खुर्चीतून उठून ओरडले होते, आणि ओरडून झाल्यावर परत 'पण तरीही' म्हणणं जरा अवघड जातं.

५ ऑक्टोबरला मेट्रोडोममध्ये पॅकर्स आले. सव्वादोन कोटींच्या आसपास लोकांनी ही मॅच पाहिली, अमेरिकन केबल टीव्हीवर तोपर्यंत कुठलाच कार्यक्रम एवढ्यांनी पाहिला नव्हता. व्हायकिंग्ज ३०, पॅकर्स २३. लीगमधल्या सगळ्या ३२ टीम्सना हरवणारा फार्व पहिला क्वार्टरबॅक ठरला, कारण उरलेली एकच टीम त्याची स्वतःची होती.

आणि १ नोव्हेंबरला लॅम्बो फील्ड. ज्या मैदानावर त्याच्यासाठी सोळा सीझन गर्जना झाली तिथे तो जांभळ्या जर्सीत आला आणि हजारो लोकांनी 'बूऽऽ' केलं. त्यांच्यातल्या कितीजणांच्या कपाटात चार नंबरची हिरवी जर्सी अजून घडी घालून ठेवलेली असेल? त्याने चार टचडाउन फेकले, ३८-२६ ने जिंकला. सूड म्हणावा तर पुरेपूर. मला मात्र त्या दिवशी एरन रॉजर्सचं जास्त कौतुक वाटतं. गाव ज्याच्यासाठी रडलं त्याच्या जागेवर उभं राहून, त्याच्याशीच दोनदा हरायचं आणि दुसऱ्या दिवशी परत प्रॅक्टिसला यायचं.

सीझनअखेर फार्वचे ३३ टचडाउन आणि इंटरसेप्शन्स फक्त ७. अख्ख्या करिअरमध्ये जो माणूस जुगार खेळत आला, तो चाळिशीत शहाण्यासारखा खेळला. टीमने १२ मॅच जिंकल्या, प्लेऑफमध्ये डॅलसला ३४-३ असं लोळवलं.

आणि मग तोच बॉल

२४ जानेवारी २०१०, न्यू ऑर्लिन्स. जिंकलं की सुपर बोल. सेंट्सच्या खेळाडूंनी फार्वला त्या दिवशी अक्षरशः बदडलं. घोटा सुजला, तरी तो उभा राहिला. (पुढे २०१२ मध्ये लीगच्या चौकशीत सेंट्समध्ये प्रतिस्पर्ध्यांना जायबंदी करण्यासाठी बक्षिसं ठेवली जात असल्याचा ठपका आला आणि त्यांच्या कोचला अख्ख्या सीझनसाठी घरी बसवलं गेलं.) स्कोअर २८-२८. व्हायकिंग्ज किक मारून जिंकता येईल एवढ्या अंतरावर, वीसेक सेकंद शिल्लक. तेवढ्यात घोळक्यात अकराऐवजी बारा खेळाडू उभे राहिले म्हणून दंड, पाच यार्ड मागे. कोचिंग स्टाफची असली चूक शाळेच्या टीमलाही शोभत नाही.

पुढच्या प्रयत्नात फार्व उजवीकडे पळाला. समोर थोडी मोकळी जागा होती. पाच-सात यार्ड पळून खाली बसला असता तरी किकची संधी होती. पण त्याने पळता पळता, अंगाच्या आडव्या दिशेने, मैदानाच्या मधोमध बॉल फेकला. ट्रेसी पोर्टरने तो पकडला. ओव्हरटाइममध्ये सेंट्स ३१-२८ ने जिंकले.

पॅकर्सच्या फॅन्सना हा शेवट पाठ होता. दोन वर्षांपूर्वीच घरी बघितलेला.

विरोधक म्हणाले, सांगितलं होतं ना? समर्थक म्हणाले, त्याच्याशिवाय इथवर आलोच नसतो. दोघांचंही खरं आहे, पण मी समर्थकांच्या बाजूने आहे. पाच वेळा बॉल गमावला व्हायकिंग्जने त्या दिवशी, त्यातला सगळाच हिशेब एका म्हाताऱ्याच्या नावावर कसा मांडणार? ज्या फॅन्सनी ती मॅच रात्री उशिरापर्यंत मुकाट बसून पाहिली त्यांच्यासाठी, निदान त्या रात्रीपुरता, तो पॅकर्सचा राहिला नव्हता. व्हायकिंग्जचं दुःख त्यानेही आता आतून चाखलं होतं.

चूक झाली ती नंतर. ऑगस्ट २०१० मध्ये टीमचे तीन खेळाडू विमानाने मिसिसिपीला गेले आणि घरी बसलेल्या फार्वला मनवून घेऊन आले. त्या सीझनमध्ये ११ टचडाउन, १९ इंटरसेप्शन्स. नोव्हेंबरमध्ये घरच्या मैदानावर पॅकर्सनी ३१-३ असं धुतलं आणि दुसऱ्या दिवशी चिल्ड्रेसची नोकरी गेली. डिसेंबरमध्ये बर्फाच्या ओझ्याने मेट्रोडोमचं छत कोसळलं आणि त्यानंतरच्या मॅचला फार्व दुखापतीमुळे बाहेर बसला. सलग २९७ मॅचची मालिका तिथे तुटली. टीमच्या पदरात ६ विजय. फेब्रुवारी २०११ मध्ये सुपर बोल जिंकला पॅकर्सनी. क्वार्टरबॅक, एरन रॉजर्स.

ग्रीन बेचा राग निवळायला काही वर्षं गेली. १८ जुलै २०१५ ला त्याचा चार नंबर कायमचा निवृत्त करायचा समारंभ होता. मॅच नव्हती, नुसतं भाषण होतं, तरी लॅम्बो फील्डवर सुमारे ६७ हजार लोक जमले.

आता गंमत बघा. त्याच रॉजर्सला पॅकर्सनी एप्रिल २०२३ मध्ये दिलं कुणाला, तर न्यूयॉर्क जेट्सना. मार्च २०२५ मध्ये जेट्सनी त्याला मोकळं केलं, वय ४१, आणि बातमी आली की त्याला व्हायकिंग्जकडे जायची इच्छा आहे. मिनेसोटात सगळे जुने मुद्दे धूळ झटकून बाहेर निघाले. वय, सूड, कप, आणि बेंचवर वाट बघणारा पोरगा. या वेळी त्या पोराचं नाव होतं जे. जे. मॅकार्थी आणि या वेळी टीमने जागा पोरालाच दिली. रॉजर्स जूनमध्ये पिट्सबर्गला गेला. २६ ऑक्टोबर २०२५ ला तो पहिल्यांदाच पॅकर्सच्या विरुद्ध उभा राहिला. सगळ्या ३२ टीम्सना हरवायला त्यालाही तेवढीच एक टीम उरली होती. पॅकर्स ३५, पिट्सबर्ग २५.